म्हणणे ऐकले. आकारणी कायम.

आज दुपारी आत्तीच्या घरफाळ्याच्या हरकतीचा निकाल हातात पडला. पानभर छापील मजकूर आणि मधल्या रिकाम्या जागेत निळ्या शाईत एवढंच: 'अर्जदार हजर. म्हणणे ऐकले. आकारणी कायम.' विषय संपला. मागं काही लिहिलंय का म्हणून मी दोनदा कागद उलटून बघितला.

कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. आत्ती कोल्हापुरात राहत नाही, एवढं बास. सुनावणीला मी शिवाजी पेठेतून पहाटेच उठून एसटीनं गेलो होतो. तिची तक्रार दोनच गोष्टींची. मागची खोली पत्र्याची, ती स्लॅबची दाखवलीय. आणि त्या खोलीत कॉलेजसाठी राहिलेला माझा पोरगा कागदावर भाडेकरू झालाय! भाडं कसलं, उलट दोन्ही वेळचं आत्तीच्याच हातचं खातोय. पण एकदा भाडेकरू लागला की करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर घरफाळा बसतो तो आकडा, चढलंच.

आत्तीनं पिशवीतून लाईट बिल काढलं, खोलीचे फोटो काढले. गळक्या पत्र्याखाली ठेवलेल्या बादलीचासुद्धा फोटो. साहेबांनी बघितला, हसले, "समजलं आजी" म्हणाले आणि सही घेतली. सही घेतली तेव्हा वरची जागा कोरी होती. मी शेजारी उभा होतो आणि गप्प बसलो. खरा राग त्याचाच येतोय.

आपल्याकडं डेअरीत दोन लिटर दूध घातलं तरी लिटर, फॅट, दर छापून पावती मिळते. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. फॅट कमी लागली की माणूस तिथंच भांडतो, कारण आकडा डोळ्यासमोर असतो. आत्तीनं 'आकारणी कायम'शी कसं भांडायचं?

महापालिकांचा कायदा 1949 चा. त्यातले करनियम सांगतात, हरकतीचा निकाल पुस्तकात नोंदवा. झालं, हे निकालच तेवढा नोंदवतात. बादली गेली कुठं? तालमीतला वकील दोस्त म्हणतो, सुप्रीम कोर्टानं 2010 च्या क्रांती असोसिएट्स खटल्यात सांगून ठेवलंय की असा निकाल देताना कारणं लिहायलाच पाहिजेत. सांगितलं असेल. वाचतंय कोण? कलम 406 खाली कोर्टात जायला 15 दिवस, तेही आधी कर भरून. आत्तीच्या कागदावर तारीख सुनावणीच्याच दिवसाची, आणि पोस्टमन आला 19 व्या दिवशी. ह्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

बरं, त्या दिवशी बाहेर रांग जिन्यापर्यंत होती आणि आत टेबल एकच, हे मान्य. भाडेकरूला पाहुणा म्हणून खपवणारे बहाद्दरही आपल्यातच आहेत, तेही मान्य. पण दोन ओळी लिहायला असा किती वेळ लागतो हो? 'पत्र्याचा फोटो पाहिला, पटला नाही, कारण अमुक.' नाही पटला तर नाही पटला, लिहा की तसं!

शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला 50 टक्के जागांचा हुकूम काढला, तेव्हा तो का काढतोय हेही त्यातच लिहिलं. छत्रपती होते, कुणाला उत्तर द्यायची गरज नव्हती. आणि हे...

जाऊ दे. संध्याकाळी आत्तीला फोनवर कागद वाचून दाखवला. म्हणाली, "ऐकलं म्हणतोय व्हय? मग बादलीचं लिवलंय का?" मी म्हटलं, नाही. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्या लिवलंय बघ." दुधाचा हिशोब ठेवते त्या कॅलेंडरवर, सुनावणीच्या तारखेच्या चौकोनात. पोराला फोटो पाठवायला सांगितला. बारीक अक्षरात आहे: 'हापिस. 11.40. पत्रा सांगितला. पोरगा भाडेकरू न्हाई सांगितलं. बादली दाखवली, सायेब हसला. पाणी दिलं.'

उद्या 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या दिवशीच्या रोजनाम्याची, म्हणजे सुनावणीत काय झालं त्या नोंदीची, नक्कल मागतोय. सोबत कॅलेंडरच्या ह्या पानाची झेरॉक्स जोडणार आहे.