गळणारा सांधा बाहेरून बुजवता येतो का?

जुन्या नळाची गळती कायमची थांबवणारा म्हणून एक घरगुती उपाय सध्या सर्वत्र पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, गळणारा सांधा पाइप पान्याने आणखी आवळावा, त्यावर बाहेरून टेफ्लॉन टेप ताणून गुंडाळावी आणि वरून एपॉक्सी लिंपावी. मग पाइप लोखंडी असो वा प्लास्टिकचा, तो पुन्हा गळणार नाही. यातील एकही वस्तू निरुपयोगी नाही. मात्र सांध्यात पाणी नेमके कुठे अडते, याचा विचार या उपायात झालेला नाही.

पहिला सल्ला आवळण्याचा. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाच्या टोकाचे आटे निमुळते असतात. लांबीच्या दर 16 मिलिमीटरला त्यांचा व्यास 1 मिलिमीटरने बदलतो. त्यामुळे पाइप जोडात, म्हणजे दोन पाइपांना सांधणाऱ्या आट्यांच्या तुकड्यात, फिरवत नेला की तो पाचरीसारखा घट्ट बसत जातो, आणि आट्यांमधील उरलेली फट टेपने किंवा सुतळी-सफेद्याने भरून निघते. नव्या सांध्याला आणखी अर्धा फेरा देऊन गळती थांबणे म्हणूनच शक्य असते. जुन्या सांध्यात मात्र सुतळी वाळलेली असते, आटे गंजाने धरलेले असतात आणि जोर लावला की जोड तडकतो किंवा पाइप आट्यांपाशीच पिळून तुटतो. शिवाय पाइपाच्या दोन्ही टोकांचे आटे उजवेच असतात, त्यामुळे पाइप फिरवून एक टोक आवळले की दुसरे तेवढेच सैल होते, आणि ते दुसरे टोक बहुधा भिंतीच्या आत असते. याचसाठी अनुभवी कारागीर एका पान्याने जोड धरून ठेवल्याशिवाय दुसरा पाना चालवत नाहीत. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात या दुसऱ्या पान्याचा उल्लेखही नाही.

आवळण्याविरुद्ध याहून मोठे कारण पाइपाच्या जाडीत आहे. मध्यम प्रतीच्या अर्ध्या इंची पाइपाची भिंत सुमारे 2.6 मिलिमीटर जाड असते आणि त्यावर पाडलेले आटे सुमारे 1.2 मिलिमीटर खोल असतात. म्हणजे आटे पाडतानाच जवळपास अर्धी जाडी निघून जाते, आणि तेवढ्या भागावरचा जस्ताचा थरही. त्यामुळे गंज सर्वांत आधी पाइपाला आरपार खातो तो येथेच. जोडाच्या अगदी कडेला दिसणारी गळती पुष्कळदा सैल सांध्याची नसून खाऊन गेलेल्या पाइपाची असते, आणि नसलेले लोखंड आवळता येत नाही. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी पाइप कोरडा पुसून त्याभोवती कागद गुंडाळावा आणि तो प्रथम कुठे भिजतो ते पाहावे. वरच्या जोडातून ओघळून आलेल्या पाण्याने किंवा गार पाइपावर जमलेल्या दवाने खालच्या निर्दोष सांध्यावर आळ येतो, असेही घडते.

टेपबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. टेफ्लॉन टेपला चिकटपणा नसतो. ती आट्यांत दाबली गेली तरच काम करते. सांधा उघडून, जुना मळ तारेच्या ब्रशने काढून, बाहेरील आट्यांवर पाइपाच्या तोंडाकडून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काही वेढे दिले, तर तिचा उपयोग होतो. युनियनच्या, म्हणजे मोठा नट फिरवून उघडता येणाऱ्या जोडाच्या, नटाच्या आट्यांवर मात्र ती व्यर्थ आहे, कारण तेथे पाणी आट्यांनी नव्हे, तर आतल्या घासून बसवलेल्या तोंडांनी किंवा वायसरने अडते.

एपॉक्सीची बाजू थोडी बरी आहे. पाणी बंद करून, पाइप चकचकीत होईपर्यंत घासून आणि पूर्ण कोरडा करून ती लावली, तर काही काळ गळती थांबते. पण गंजावर लावलेली एपॉक्सी गंजालाच चिकटते आणि त्याच्या पापुद्र्याबरोबर सुटते. आतला दाबही तिला सतत बाहेर ढकलत असतो; टाकी 10 मीटर उंच असेल तर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम भरतो. एका रात्रीपुरती सोय म्हणून तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

‘आमच्याकडे याच उपायाने गळती थांबली’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. जड पाण्यातील क्षार आणि गंज यांनी बारीक पाझर आपोआपही बुजतो. पण आतला गंज तेवढ्याने थांबत नाही.

प्लास्टिकच्या पाइपाला हाच उपाय लावणे सर्वांत चुकीचे आहे. तेथील सांधा सॉल्व्हेंट सिमेंटने दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव केलेला असतो, त्यामुळे तो आवळण्याचा प्रश्नच येत नाही, आणि प्लास्टिकच्या आट्यांचा जोड अति आवळला तर चिरतो. गळणारा भाग कापून नवा जोड बसवणे, एवढाच तेथे खरा इलाज आहे. लोखंडी पाइपातही रीत तीच: मुख्य कॉक बंद करून पाइप मध्ये कापावा, दोन्ही तुकडे उलटे फिरवून काढावेत आणि नव्या आट्यांचे दोन तुकडे युनियनने जोडावेत, म्हणजे पुढच्या वेळी करवत न लावता सांधा उघडता येतो. तुकडा काढताना जोडातले आटेही भुगा होऊन आले, तर तो जोडही बदलावा.