फॉस्टर केअरची वाट पाहताना देवाकडे नेमकं काय मागताय?

फॉस्टर पालक, म्हणजे आईवडिलांना सांभाळणं जमत नाही अशा मुलाला तात्पुरतं आपल्या घरी वाढवणारे, व्हायचं म्हणून नाव नोंदवलेल्या घरांत उपास येतात, नवस येतात, शिर्डीच्या वाऱ्या होतात. आमची हरकत नाही. फक्त मागणं एकदा तपासून पाहा. "आलेलं मूल कायमचं आमचंच होऊ दे" या प्रार्थनेचा दुसरा अर्थ असा की त्याची आई आजारातून उठू नये, बाप तुरुंगातून सुटून सावरू नये. असलं मागणं कुठल्या देवाने ऐकावं?

फॉस्टर केअरमधलं मूल सहसा सहा वर्षांपुढचं असतं आणि त्याचं कुणीतरी कुठेतरी असतं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४४ नुसार आईवडिलांना त्याला भेटू देता येतं. ते सांभाळायला सक्षम झाले असं बालकल्याण समितीला वाटलं, तर मूल परतही जातं. फॉस्टर घराने मूल किती वर्षं सांभाळल्यावर त्याला दत्तक घेता येतं, ती अट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाच वर्षांवरून दोनवर आणली, पण त्यासाठी मूल कायद्याने दत्तक देण्यास मोकळं असावं लागतं. 'दोन वर्षांत दत्तक' एवढंच वाचून आलेल्यांनी सरळ दत्तकासाठी नोंदणी करावी. उगाच मुलाची फरफट नको.

उशीर दोन प्रकारचा असतो, आणि सबुरी त्यातल्या एकालाच लागू पडते. मुलाचे नातेवाईक शोधणं, भावंडांची ताटातूट टाळणं, शक्यतो त्याच जिल्ह्यातलं, त्याच्या भाषेचं घर पाहणं, मुलाला स्वतःला काय वाटतं ते विचारणं, याला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. मात्र गृहभेटीचा अहवाल कुणी रजेवर आहे म्हणून टेबलावर पडून असेल, तर तिथे श्रद्धा कामाची नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्या, पोच आणि आवक क्रमांक घ्या, महिन्याने त्याच क्रमांकावर विचारा. तोंडी चौकशीचा मागमूस राहत नाही.

बऱ्याच फायली घरातच अडतात. आधारवरचा पत्ता वेगळा, वीजबिलावरचा वेगळा. वैद्यकीय दाखला जुना. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गृहभेटीला आलेल्या कार्यकर्तीसमोर आजी म्हणतात, "कुणाचं रक्त, काय माहीत!" घरातल्या प्रत्येकाशी बोलणं होतं, हे लोक विसरतात. आजींना आधी पटवा. आणि "घरकामाला हातभार होईल" असं मनातही असेल, तर अर्ज मागे घ्या.

वाट पाहण्याच्या काळात शाळेत जाऊन या. चौदापर्यंतच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्ष सुरू झालं म्हणूनही नाही. शिक्षणहक्क कायद्याची कलमं १४ आणि १५ मुख्याध्यापकांपुढे ठेवा. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून मुलासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे, पण ते अमुक तारखेला येतीलच हे गृहीत धरू नका. पहिल्या काही महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा.

बालगृहासारख्या संस्थेतून आलेलं मूल उशीखाली पोळी लपवू शकतं. ती चोरी नव्हे, उद्या मिळेल की नाही याची धास्ती आहे. फ्रिजला कुलूप लावलं की ती वाढते. न विचारता उघडता येईल असा खाऊचा एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवा आणि तो रिकामा होऊ देऊ नका. अंथरूण ओलं होईल, म्हणून रबरी शीट आणि दोन जादा चादरी. ओरडायचं नाही, पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही. त्याच्याकडे आईचा फोटो असेल तर तो कपाटात दडपू नका. आडनाव बदलायच्या भानगडीत पडू नका. आणि "आई म्हण" असा लकडा लावू नका. काकू, मावशी, त्याच्या तोंडी जे येईल ते चालेल. शेजाऱ्यांनी "हा कोण?" विचारलं, तर काय सांगायचं हे मुलालाच विचारून ठरवा.