व्हाइटनर लावण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

कागदावर एखादे अक्षर चुकले की ते आडव्या रेघेने खोडून शेजारी बरोबर लिहिणे, हे अडाणी लोकांचे काम झाले. सुसंस्कृत माणसाने व्हाइटनरच वापरावा.

बाटली हलवण्याचे कष्ट घेऊ नयेत. आत खडखडणारी गोळी तळाशी बसलेला पांढरा रंग ढवळण्यासाठी असते हे खरे. पण वरचा पातळ भागच कागदावर सोडला, तर बॉलपेनची शाई विरघळून निळा डाग पसरतो आणि दुसरा, तिसरा थर देण्याची संधी मिळते. नागपूरच्या मे महिन्यात झाकण उघडेच ठेवावे, म्हणजे द्रावक उडून जाऊन बाटलीत बासुंदी तयार होते. मग कूलरसमोर बसून जाड थर द्यावा आणि वरची साय धरताच पेन टेकवावे. पापुद्रा निघतो आणि पेनही बंद पडते.

झेरॉक्स थर ओला असतानाच काढावी. तो यंत्राच्या काचेला चिकटला की मागच्या रांगेतील प्रत्येकाच्या प्रतीवर आपली आठवण उमटते.

मुख्य नियम मात्र असा की, व्हाइटनर नेहमी दुसऱ्याच्या कागदावर लावावा. गेल्याच आठवड्यात सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयात, पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी माझ्या प्रतिज्ञापत्रावर आवक क्रमांक चुकीचा टाकला आणि तो झाकताना माझ्या वडिलांचे अर्धे नावही मोठ्या मायेने पांढरे केले. तोच कागद घेऊन मी एका लोखंडी कपाटापलीकडच्या दुसऱ्या टेबलाशी गेलो, तर प्रश्न आला, "हे कोनं खोडलं जी? खाडाखोड चालत नाही, नवीन करून आणा." पहिले साहेब तोवर चहाला गेले होते. पुन्हा टंकलेखक, पुन्हा नोटरी, पुन्हा तेच ऊन, आणि साहेब, हे सगळे तुमच्या एका आकड्यापायी!

नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम २० सांगते की, खाडाखोडीजवळ दस्त करून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरे नसतील, तर नोंदणी अधिकारी दस्त नाकारू शकतो. म्हणजे दुरुस्तीला मज्जाव नाही, ती कोणी केली हे दिसले पाहिजे. आणि नेमके तेच तुम्हाला दिसू द्यायचे नसते. १९५० च्या दशकात डॅलसच्या एका बँकेत चिटणीस असलेल्या बेट नेस्मिथ ग्रॅहम यांनी हे पांढरे द्रावण घडवले, ते स्वतःच्या टंकलेखनातील चुका झाकण्यासाठी; समोर उभ्या असलेल्या माणसाचा बाप पुसण्यासाठी नव्हे.

तेव्हा साहेब, ती बाटली खणात टाका. चुकलात तर एक रेघ मारा, बरोबर ते लिहा, खाली सही करा आणि तारीख घाला. स्वतःच्या चुकीखाली सही करण्याची लाज वाटत असेल, तर लोकांच्या कागदांना हात लावू नका.