'ग्रँडमास्टर वीस चाली पुढचं बघतो' म्हणे!

आमच्या लातूर-नांदेडकडच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लई फिरायलाय. ग्रँडमास्टर प्रत्येक चालीआधी पंधरा-वीस चाली पुढचं बघतो, सगळ्या शक्यता तपासतो, पहिली सुचलेली चाल कधीच खेळत नाही आणि वेळ घेऊन विचार केला की चूक होतच नाही, तर तुमच्या लेकराला आजपासून हेच शिकवा, असा मजकूर. मी इथं लेकरांना बुद्धिबळ शिकवतो, आणि हे वाचून आलेली लेकरं पटाकडं कमी अन् छताकडं जास्त बघायलेत, म्हणून लिहायलोय.

पहिलं, वीस चाली. असं कधीकधी होतं, नाही कोण म्हणतंय? १९९९ साली नेदरलँड्समधल्या विक आन झीच्या स्पर्धेत रशियाच्या कास्पारोवनं बल्गेरियाच्या टोपालोवविरुद्ध हत्ती देऊन जो हल्ला केला, त्यात काळ्या राजाला ओढत ओढत पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत आणला. पण तिथं जवळपास प्रत्येक चाल शह नाहीतर मोठी धमकी, समोरच्याला उत्तरंच मोजकी, म्हणून लांबचं मोजता आलं. साध्या शांत पोझिशनमध्ये (म्हणजे पटावरच्या मांडणीत) वीस चाली कोण मोजत नाही, मोजून उपयोग पण नाही, कारण समोरचा तिसऱ्याच चालीला वेगळं खेळतो आन् तुमची पुढची सगळी मोजणी वाया. डी ग्रूट नावाच्या डच मानसशास्त्रज्ञानं १९४०च्या आसपास मोठमोठ्या खेळाडूंना पोझिशन देऊन, डोक्यात काय चाललंय ते मोठ्यानं बोलायला लावलं. जगातले टॉपचे लोक आणि चांगले क्लब खेळाडू यांच्यात खोलीचा फरक लोक समजतात तेवढा निघालाच नाही. फरक होता तो कुठं बघायचं ह्यात, टॉपचे लोक पहिल्यापासूनच कामाच्या चालींकडं बघत होते.

'सगळ्या शक्यता तपासा' हे लिहिणाऱ्यानं हिशोब तरी करायचा. डाव सुरू होताना पांढऱ्याला २० चाली, काळ्याला २०, म्हणजे एकेक चालीत ४०० रस्ते, आणि दोघांच्या दोन-दोन झाल्या की १,९७,२८१. १९९७ साली कास्पारोवला हरवणारं डीप ब्लू कॉम्प्युटर सेकंदाला २० कोटी पोझिशन बघायचं, त्याला जमतंय ते. सातवीतल्या लेकरानं दोन-तीन चाली निवडायच्या आणि तेवढ्याच नीट बघायच्या.

निवडायच्या कशा? इथंच खरी गोम आहे, मेसेजमध्ये समोरच्याचा एका शब्दानं उल्लेख नाही. आमच्याकडं शाळेच्या स्पर्धेत दर वेळी दिसणारा डाव सांगतो. पांढऱ्यानं राजाचं प्यादं दोन घरं काढलं, काळ्यानं पण तेच केलं. पांढऱ्याचा उंट बाहेर, काळ्याचा वजिराकडचा घोडा बाहेर. मग पांढऱ्याचा वजीर एकदम पटाच्या कडेला येऊन उभा राहतो. काळ्याच्या लेकराला दिसतं, अरे वजीर! दुसरा घोडा काढला की त्याच्यावर हल्ला! घोडा काढतो, खूश होतो, आन् वजीर उंटाच्या जोरावर राजाशेजारचं प्यादं मारून मात देतो. ह्या पोराला वीस चाली कशाला पाहिजेत? वजीर तिथं का आला एवढं विचारलं असतं, तर घोड्याकडचं प्यादं एक घर सरकवून वजिरालाच हुसकावलं असतं.

मोठ्यांचं पण तेच होतं. २०१४ ला सोचीमध्ये जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात कार्लसननं राजा चुकीच्या घरात नेला. आनंदला घोड्यानं मधलं प्यादं मारून डाव पालटता आला असता, पण त्यानं दुसरीकडचं प्यादं ढकललं अन् पुढं डावही हरला. दोघांकडून सुटलेली गोष्ट दोन-तीन चालींतली होती. २०२४ ला सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंगनं हत्तींची अदलाबदल करायला हत्ती पुढं केला, पण त्यानंतर गुकेश उंटही बदलून घेईल आणि नुसत्या राजा-प्याद्यांचा हरणारा डाव उरेल हे त्याच्या नजरेतून निसटलं. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला तो ह्या डावावर.

'पहिली सुचलेली चाल खेळू नका' हे निम्मं खरंय. नवख्या लेकरासाठी खरं. पण ज्यानं हजारो डाव बघितलेत त्याला पहिली सुचलेली चाल बऱ्याचदा चांगलीच असते. १९७३ साली चेस (हो, हेच आडनाव) आणि सायमन ह्या संशोधकांनी खऱ्या डावातली पोझिशन पाच सेकंद दाखवून पट परत मांडायला लावला, तेव्हा मास्टर नवख्यांच्या कितीतरी पुढं होता, सोंगट्या उगं कशाही पसरल्यावर मात्र त्याचा दम निघून गेला. म्हणजे डोळ्यात पॅटर्न बसलेत. ते लातूर पॅटर्नसारखं पाठ करून येत नाहीत, रोजचे चार-पाच छोटे कोडे सोडवा, वर्ष-दोन वर्षांत फरक दिसतो.

राहिला वेळ. २००६ साली बॉनमध्ये क्रामनिक, तेव्हाचा जगज्जेता, डीप फ्रिट्झ कॉम्प्युटरविरुद्ध वेळ हाताशी असताना एका चालीतली मात विसरला. अजून काय सांगू?

मग लेकराला शिकवायचं काय, हे विचारतेत लोक. समोरच्यानं आत्ता काय केलं, त्याला काय पाहिजे, हे आधी. मग आपल्या दोन-तीन चाली. त्यातली एक ठरली की हात लावायच्या आधी, आपण ती खेळलीच असं धरून त्याच्याकडचे शह, मारामारी आणि धमक्या ह्याच क्रमानं बघायच्या. ह्याला अर्धा मिनिट पुरतो. जुने लोक सांगायचे चाल आधी कागदावर लिही, मग परत बघ, पण आता खेळण्याआधी लिहायला नियमानं मनाई आहे, आर्बिटर (पंच) टोकतो. सोंगटीला हात लावला की तीच खेळावी लागते, तेव्हा हात मांडीखाली ठेवून बसायला सांगा, आमच्या क्लासात तरी ह्याच्यानं फुकट जाणारे वजीर बरेच कमी झालेत.