प्रोस्ट गाडीतून उतरला, त्याबद्दल

आज दुपारी जेवताना भाच्याने मोबाईल माझ्या ताटाजवळ सरकवला. "मावशी, हे बघ." रील होतं. फॉर्म्युला वनची शर्यत, ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड, १९८९, धो धो पाऊस. ॲलन प्रोस्ट एक फेरी मारतो, मॅकलॅरेन आत आणतो आणि सरळ उतरतो. लगेच पुढे आयर्टन सेन्ना, त्याच पावसात फवारे उडवत सुसाट. वर लिहिलेलं, एक भित्रा, एक शेर. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. "घाबरट होता गं तो," असं म्हणून भाच्याने आमटी वाढून घेतली.

पोराला मी काही बोलले नाही. चौदा वर्षांचं आहे ते. पण रील बनवणारा चौदाचा नसणार, आणि खाली दात काढणारेही नसणार. दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

माझे बाबा ट्रॅव्हल्सची गाडी चालवायचे, कोल्हापूर-रत्नागिरी. माझ्या मित्रयादीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत आहे. मी सहावीत असताना एकदा जुलैत त्यांच्याबरोबर निघाले, केबिनमध्ये इंजिनच्या बॉनेटवर घोंगडी टाकून बसले होते. मलकापूर सुटलं आणि पाऊस असा लागला की वायपर चालू आहे की बंद हे कळेना. वर धुकं. आंब्याला, घाट सुरू व्हायच्या आधी, एका बंद टपरीपाशी बाबांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. "उघडल्याशिवाय खाली उतरणार नाही." एवढंच बोलले.

मागे आधी कुजबुज, मग आरडाओरडा. कुणाची सकाळची कोर्टाची तारीख, कुणाचं लग्न. आणि मागच्या बाकड्यावरून एक आवाज आला, "ओ ड्रायव्हर, हातात बांगड्या भरा!" सगळी गाडी हसली. बाबांनी मान वळवली नाही. मला मात्र रडू फुटलं, आणि खरं सांगते, मला राग त्या माणसाचा नाही, बाबांचा आला होता.

कारण तेवढ्यात आमच्याच मालकाची दुसरी गाडी शेजारून गेली. अण्णांची. लाईट मारून, हॉर्न देऊन गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. अण्णा म्हणजे आम्हा पोरांचा हिरो. ते पहाटे वेळेवर रत्नागिरीला पोचले. काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर तुम्हाला वाटेल आता गोष्टीत अण्णांची गाडी दरीत जाणार. नाही गेली. आम्ही तीन तास उशिरा पोचलो आणि पुढे महिनाभर स्टँडवर चर्चा एकच, ड्रायव्हर असावा तर अण्णासारखा.

आता प्रोस्टकडे येते. ॲडलेडच्या सात वर्षं आधी, १९८२ मध्ये, हॉकेनहाइमला पावसात सराव चालू होता. प्रोस्ट रेनोमध्ये. मागून दिदिएर पिरोनी आला फेरारीत, त्या वर्षी गुणांमध्ये सगळ्यांच्या पुढे असलेला माणूस. फवाऱ्यात त्याला पुढची गाडी दिसलीच नाही. तो प्रोस्टच्या मागच्या चाकावर चढला, हवेत उडाला आणि आपटला. दोन्ही पायांचा चुरा. पिरोनी पुन्हा कधीच फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरला नाही. प्रोस्टची चूक काय, तर तो पुढे होता. हे ज्याने पाहिलंय तो सात वर्षांनी तसल्याच पावसात म्हणाला की मी नाही चालवणार, आणि तुम्ही मोबाईलवर अंगठा फिरवत त्याला भित्रा म्हणता? लाज वाटू द्या जरा!

आणि ते रील जिथे तोडलंय ना, त्याच्या पुढचं का नाही दाखवत? सेन्ना सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता. मग फवाऱ्यात त्याला मार्टिन ब्रंडलची ब्रॅबम दिसली नाही आणि तो मागून तिच्यात घुसला. पिरोनीसारखाच. नशीब, कुणाचे पाय गेले नाहीत. शर्यत बूत्सेन जिंकला. हे कापून टाकायचं आणि वर शेर लिहायचं.

हां, सेन्नाचा हात वेगळाच होता. ते नाकारणार नाही, नाकारणारी मी कोण. १९८८ ला मोनाकोमध्ये त्याच मॅकलॅरेनमध्ये, त्याच रस्त्यावर, तो पात्रता फेरीत प्रोस्टपेक्षा १.४२७ सेकंदांनी वेगवान होता. तिथे दहाव्या हिश्शासाठी लोक जीव टाकतात आणि हा जवळजवळ दीड सेकंद! हॉस्टेलच्या टीव्हीवर शूमाखर बघत मी या खेळात शिरले, जुन्या शर्यती नंतर शोधून शोधून पाहिल्या, पण १९९३ ची डॉनिंग्टनची ती पहिली फेरी पाहताना आजही अंगावर काटा येतो. पाऊस, सुरुवातीला पाचवा, आणि फेरी संपताना पहिला. प्रोस्टलाही त्याच फेरीत मागे टाकलं. देवाने दिलेलं असतं ते.

पण त्याच १९८८ च्या मोनाकोत पुढे काय झालं? जवळजवळ पन्नास सेकंदांची आघाडी असताना, अकरा फेऱ्या उरल्या असताना, सेन्नाने गाडी कठड्यावर घातली. जिंकला कोण? प्रोस्ट. त्या वर्षी सोळापैकी पंधरा शर्यती या दोघांच्या गाड्यांनी जिंकल्या, आठ सेन्ना, सात प्रोस्ट. सगळे गुण मोजले तर प्रोस्टचे १०५ आणि सेन्नाचे ९४. पण नियम असा की प्रत्येकाचे सर्वोत्तम अकरा शर्यतींचेच गुण धरायचे, म्हणून ८७ विरुद्ध ९० आणि विजेतेपद सेन्नाला. नियम तो नियम, मान्य. पण वर्षभर गाडी नीट घरी आणणाऱ्याला कमी कौशल्य असतं हे मला कुणी सांगू नका. टायर, पेट्रोल, गिअरबॉक्स, सगळं शेवटच्या फेरीपर्यंत पुरवायचं आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा तर फिरायला निघालाय. बाबांच्या गाडीत म्हातारी माणसं घाटातसुद्धा झोपायची. अण्णांच्या गाडीत कुणी झोपत नसे.

आणि एक सांगते. १९८४, पुन्हा मोनाको, पुन्हा पाऊस. सेन्ना नवखा, टोलमनसारख्या लहान संघात, आणि आघाडीवरच्या प्रोस्टला फेरीफेरीला गाठत होता. प्रोस्ट हात करून सांगत होता, थांबवा. शर्यत थांबवली. पहिला प्रोस्टच, म्हणून आजही शिव्या खातो. पण शर्यत अर्धवट म्हणून गुणही अर्धे, नवाऐवजी साडेचार. वर्षाच्या शेवटी विजेतेपद गेलं निकी लाउडाकडे, अर्ध्या गुणाने! शर्यत पूर्ण झाली असती आणि प्रोस्ट दुसरा जरी आला असता तरी सहा मिळाले असते. थांबण्याची किंमत त्याने मोजली होती. तरी पाच वर्षांनी पुन्हा थांबला.

प्रोस्ट काही संत नव्हता. १९८९ ला जपानमध्ये सुझुकाला सेन्ना आत घुसत असताना त्याने मुद्दाम दार लावलं, म्हणजे त्याच्यावर गाडी वळवली, असं मलाही वाटतं, आणि १९९३ ला सेन्ना विल्यम्समध्ये येऊ नये असं करारात लिहून घेतलं तेही मला आवडलेलं नाही. पुरे. पण १९९० ला त्याच सुझुकाला पहिल्याच वळणावर, ताशी अडीचशेच्या आसपास, सेन्नाने प्रोस्टवर मुद्दाम गाडी घातली आणि वर्षाने ते स्वतः कबूल केलं, त्याला शेर म्हणत नाहीत. मागे बाकी सगळ्या गाड्या येत होत्या.

हे लिहिताना थोडी शांत झालेय. सेन्नावर राग धरवत नाही. १९९२ ला स्पाला सरावात एरिक कोमासचा अपघात झाला तेव्हा स्वतःची गाडी मध्येच थांबवून, रस्त्यावरून धावत जाऊन, त्याचं डोकं हातात धरून बसलेला माणूसही तोच. आणि १९९४ चं इमोला. शनिवारी रात्झेनबर्गर हा ड्रायव्हर अपघातात गेला तेव्हा शर्यतींचे डॉक्टर सिड वॉटकिन्सनी सेन्नाला सांगितलं होतं, सोड हे सगळं, चल मासे पकडायला जाऊ. तो म्हणाला, नाही सोडता येत. दुसऱ्या दिवशी तंबुरेलोच्या वळणावर गाडी भिंतीवर आदळून तो गेला, ती त्याची चूक होती असं मी म्हणत नाही, कुणी म्हणूही नये. मी फक्त त्या शनिवारच्या वाक्यापाशी अडकते. साओ पावलोला त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रोस्ट होता.

बाबा त्या रात्री का थांबले हे मला खूप वर्षांनी आईकडून कळलं. दोन पावसाळे आधी त्याच घाटात एक ट्रक खाली गेला होता. कमरेला दोर बांधून उतरलेल्यांत बाबा होते. क्लीनरला त्यांनीच वर आणलं. पोरगं सतरा-अठराचं. मलकापूर यायच्या आत गेलं, बाबांच्या मांडीवर. आम्हाला कधी सांगितलं नाही. त्या बांगड्यावाल्यालाही नाही सांगितलं, सांगू शकले असते. आणि अण्णांबद्दल कुणी काही बोललं तर म्हणायचे, "हात सोन्याचा हाय त्याचा. मला तसं जमायचं न्हाई."

संध्याकाळी मी ॲडलेडची ती शर्यत लावून मोबाईल बाबांच्या हातात दिला. आता त्र्याहत्तरचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. फॉर्म्युला वन म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, मीही काही सांगितलं नाही. मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पुढच्याचा मागचा दिवा दिसत असंल काय गं याला?" भाचा शेजारी येऊन बसला. सेन्ना ब्रंडलच्या फवाऱ्यात शिरला तेव्हा पलंगावर बसल्या बसल्या बाबांनी उजवा पाय फरशीवर गच्च दाबला.