एसटीची पायरी आणि म्हातारपण

यंदा गणपतीत आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी आरतीपेक्षा वादच जास्त रंगला म्हणे. मी नव्हतो, मला सगळं व्हिडिओ कॉलवर आणि मग घरच्या ग्रुपवर कळलं. विषय नेहमीचाच. दादा आता 78, वहिनी 76, घरात दोघंच, मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला, मी इंग्लंडात. पुतण्याने पुण्याजवळच्या एका सिनियर लिव्हिंगचं चकचकीत ब्रोशर आणलेलं, लिफ्ट, नर्स, योगा हॉल सगळं आहे त्यात, आणि तो बिचारा मनापासून बोलत होता. त्यावर चुलत भावंडांनी त्याला फैलावर घेतलं की आईबापाला आश्रमात टाकतोस काय, संस्कार खय गेले, आणि दुसरी पार्टी म्हणे की कोकणात आता म्हातारीच उरलीयत, त्यांना तिथे एकटं ठेवणं हेच पाप. दादा माटवीखाली (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) बसून मोदक खात होता, खाऊन झाल्यावर म्हणाला, "माका खय नेऊन घालतास? हयसर माझा काय वायट चल्ला नाय."

विषय तिथेच संपायला हवा होता. संपला नाही, कारण मग सगळे माझ्याकडे वळले, तू फॉरेनला राहतोस, तुमच्याकडे म्हाताऱ्यांचं किती छान असतं ते सांग. (किंवा किती वाईट असतं ते सांग, विचारणारा कुठल्या पार्टीचा यावर.)

तर सांगतो. मी राहतो क्रोमरला, नॉर्फोकच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव, खेकड्यांसाठी प्रसिद्ध, समुद्रात घुसलेला एक लांब धक्का आणि त्याच्यावर चक्क नाटकाचं थिएटर. 2021 च्या जनगणनेत आमच्या नॉर्थ नॉर्फोक भागात जवळजवळ दर तीन माणसांत एक 65 च्या वरचा निघाला, अख्ख्या इंग्लंड-वेल्समध्ये सगळ्यात जास्त. म्हणजे म्हाताऱ्यांचं गाव ही काय कोकणाची मक्तेदारी नाही. फरक एवढाच की इथे बरेचसे लोक रिटायर झाल्यावर मुद्दाम येऊन राहिलेत, समुद्र बघायला, आणि आपल्याकडे म्हातारे जागेवरच आहेत, बाकीचे निघून गेले. 2001 ते 2011 मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8.69 लाखांवरून 8.50 लाखांवर आली, रत्नागिरीचीही घटलीच. मुंबईचं मनीऑर्डरवालं कोकण आमच्या आजोबांच्या वेळेपासून असंच आहे, त्यात आता पुणे, बंगळुरू आणि आमच्यासारखे आले इतकंच.

आता दादाचा दिवस बघा. सकाळी मच्छी मार्केट, तिथे बांगडो घ्यायचा असो नसो भाव विचारायचाच, आणि कालच्यापेक्षा महाग म्हणून भांडायचं. मासेवाली त्याला घरातल्या माणसासारखी झाडते आणि मग शेवटी स्वतःच एक तुकडा जास्त टाकते. मग नगर वाचनालयात पेपर, तिथे त्याच्या वयाची आणखी तीन-चार माणसं, ज्यांच्याशी त्याचं एकाही विषयावर एकमत नाही. दुपारी झोप. मार्च ते मे काजू गोळा करण्यावर देखरेख, म्हणजे गड्याला काम करू न देणं. जून-जुलैत मच्छीमारी बंद, तेव्हा गोलमो आणि सुकी मासळी, आणि पाऊस किती पडला यावर रोजचं बुलेटिन. शाळेत मास्तर होता त्यामुळे अर्धं गाव त्याचं विद्यार्थी, बँकेतला, पंचायतीतला, रिक्षावाला, आणि तो प्रत्येकाला अजून चुका सांगतो.

75 पूर्ण झाल्यावर एसटी फुकट झाली ना, 2022 पासून, तेव्हापासून तर विचारूच नका. काही काम नसताना सावंतवाडीला जाऊन चहा पिऊन येतो, शून्य रुपयांचं तिकीट मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. मी त्याला सांगितलं की इथेही पेन्शनचं वय झालं की बस पास फुकट मिळतो, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊनंतरच चालतो, तर म्हणाला मग ती सवलत कसली, सकाळचीच तर मजा.

ह्या सगळ्याची कीव करणारे लोक मला समजत नाहीत. माणसाला दिवसातून दहा जणांशी भांडायला मिळतंय, चार जण विचारतायत की मास्तर कालच्यान दिसाक नाय, याला एकटेपणा म्हणतात? ब्रिटिश सरकारने 2018 मध्ये एका मंत्र्याकडे एकटेपणाचं खातं सोपवलं, आपल्याकडे तेव्हा त्यावर खूप जोक झाले, पण निदान ही समस्या आहे हे त्यांनी कबूल तरी केलं.

आणि इकडचे म्हातारे बिचारे एकटे, टाकलेले, हे जे आपले लोक छातीठोकपणे सांगतात तेही अर्धवट आहे. माझ्या शेजारची बाई ऐंशीच्या पुढची, एकटी, आठवड्यातून दोन दिवस चॅरिटी शॉपमध्ये कपडे लावते, एक दिवस गायनाचा ग्रुप, मुलगा लांब राहतो आणि ती त्याबद्दल कधी रडगाणं गात नाही. मुलगा सांभाळतो का असं तिला कुणी विचारतही नाही, विचारलं तर तिला तो अपमान वाटेल. तिचं अडतं कुठे, तर तब्येत बिघडल्यावर. इंग्लंडमध्ये 23,250 पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असेल तर केअर होमचा खर्च आपला आपण करायचा, तो आठवड्याला हजार पौंडांच्या पुढे सहज जातो, आणि माणूस कायमचा तिथे राहायला गेला की बऱ्याचदा घराची किंमतही त्या शिलकीत धरतात. लोकांची घरं जातात त्यात. त्यामुळे "फॉरेनला सरकार सगळं बघतं" हे ऐकलं की मला हसू येतं.

"मग आईबापाला तिकडेच का नेत नाहीत रे तुम्ही?" हा दुसरा बाण. नेता येत नाही म्हणून. जुलै 2012 पासून ब्रिटनने नियम असे केलेत की आईवडिलांना किंवा भावाबहिणीला रोजच्या कामांसाठीच दुसऱ्याची मदत लागते आणि ती मदत भारतात पैसे देऊनही मिळत नाही हे सिद्ध करावं लागतं. भारतात पैसे देऊन माणूस मिळत नाही हे कोण सिद्ध करणार? म्हणजे धडधाकट दादा यायला पात्र नाही, आणि अंथरुणाला खिळला तर विमानात कसा बसणार. आणि समजा आलाच, तर नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो इथे, तो बोलणार कुणाशी, माझ्या रेडिएटरशी?

तरी मी पुतण्याच्या बाजूने थोडा आहेच. कारण वहिनी.

गावातल्या सुंदर म्हातारपणाचं वर्णन आपण करतो ना, वाचनालय, गजाली, समुद्र, ते बहुतेक पुरुषांचं असतं. वहिनी 76 व्या वर्षी दोन वेळचं जेवण, आमसुलं, पापड, पाहुणे सगळं करते, तिची रिटायरमेंट कुठल्या कागदावर नाही. तिचा आनंद वेगळा आणि तो तिने उशिरा मिळवलाय, फुकट एसटी झाल्यापासून ती दादाला न विचारता माहेरी आरवलीला जाते, तिथल्या ग्रामदेवाला, वेतोबाला, केळी देते, भावजयीकडे जेवते, संध्याकाळच्या गाडीने परत. जत्रेत रात्रभर दशावतार बघायला बसते. सिनियर लिव्हिंगमध्ये स्वयंपाक करावा लागणार नाही हे ब्रोशरमध्ये वाचल्यावर ती एकटीच गप्प झाली होती म्हणे, आणि एवढ्या वादात ते कुणी नोटीस केलं नाही, मला पुतणीने सांगितलं.

पण तिची मोठी तक्रार काय तर एसटीची पायरी. खरंच. गुडघे गेलेत, पहिली पायरी एवढी उंच की कंडक्टरने हात द्यावा लागतो, आणि स्टँडवरच्या टॉयलेटला जायला नको म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. इथे इंग्लंडात बस स्टॉपवर आली की फुटपाथच्या बाजूला खाली वाकते, काठीवाला माणूस सरळ आत चालत जातो. दर थोड्या अंतरावर बाक आहे. घराबाहेर पडता येत नसेल तर औषधपाण्याला, ड्रेसिंगला नर्स घरी येते. ह्यात संस्कार वगैरे काही नाही, कुणीतरी बसून हा विचार केला, नियम केला, पैसे घातले.

आपल्याकडे 2007 चा कायदा आहे आईवडिलांच्या पोटगीचा, मुलांकडून महिन्याला 10,000 पर्यंत मिळू शकतात, म्हणजे कायद्यातही गाडी मुलांवरच येऊन थांबते. चर्चा कायम मुलगा चांगला की वाईट. मुलगा कितीही चांगला असला तरी तो पुण्याहून रात्री दोन वाजता छातीत दुखणाऱ्या बापाला उचलायला येऊ शकत नाही. जिल्ह्यात ओरोसला मेडिकल कॉलेज झालं ठीक आहे, पण मोठं काही झालं की गाडी अजून गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, बांबोळीलाच पळवतात, आणि 2018 मध्ये गोव्याने बाहेरच्या पेशंटना फी लावली तेव्हा सगळा सिंधुदुर्ग पेटला होता तो उगाच नाही. आमच्या जिल्ह्यात चिपीचा विमानतळ 2021 ला झाला, छान झालं, मला सोयीचा. वहिनीला चिपीचा काय उपयोग?

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की ब्रोशर ठेवा बाजूला, सिनियर लिव्हिंगला जे डिपॉझिट भरायचं त्याच्या अगदी थोड्या पैशांत कमोड, बाथरूमला दांडे, स्वयंपाकाला महिना पगारी बाई आणि रात्री हाकेला येणारा ओळखीचा रिक्षावाला एवढं होतं, आणि स्टँडच्या टॉयलेटसाठी भांडायला दादासारखा माणूस फुकट उपलब्ध आहे. पुतण्या म्हणाला काका, बाई मिळाली तर ना, गावात उरलंय कोण. हा त्याचा मुद्दा बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

माझं स्वतःचं विचाराल तर मलाही लवकरच 66 होतील, म्हणजे पेन्शनचं वय जवळ आलं. ब्रिटिश पेन्शनचं असं आहे की भारतात कायमचं राहायला गेलं की ती त्या आकड्यावर गोठते, दरवर्षीची वाढ बंद. बायकोला पेन्शनची चिंता नाही, तिला इथे एकटीने गाडी चालवत लायब्ररीत जायची सवय झालीय आणि वेंगुर्ल्यात आपण पुन्हा कुणाची तरी सून होणार ही भीती आहे, 64 व्या वर्षी. तिचं म्हणणं डिसेंबर ते मार्च, वेगळी चूल, आणि दादाच्या घरात नाही, भाड्याने. दादाला हे अजून सांगितलेलं नाही.