कुलूप, कडी आणि आजींचा गुडघा

धुळ्यात पत्ता सांगणं सोपं. गल्लीला नंबर असतो, गल्ली सरळ असते, आणि रिक्षावाल्याला नंबर सांगितला की तो दुसरा प्रश्न विचारत नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन ब्रिग्ज इथे आला आणि लांबलांबचे व्यापारी बोलावून त्याने पांझरेच्या काठी नवी पेठ वसवली. रस्ते सरळ आखून घेतले. घरं मात्र आमच्या पणजोबांसारख्या लोकांनी बांधली, त्यामुळे काटकोन रस्त्यावरच संपतो. आमच्या वाड्यातला एकही कोपरा नव्वद अंशांचा नाही, आणि दाराची चौकट तर कोणत्याच अंशाची नाही.

दार सागवानी, दोन फळ्यांचं, अडीच इंच जाडीचं. बिजागऱ्या नाहीत. फळीलाच वर-खाली लाकडी खुंटे आहेत आणि ते चौकटीतल्या भोकांत फिरतात. फिरताना जो आवाज येतो त्यावरून घरात कोण आलं हे स्वयंपाकघरातून ओळखता येतं. आतून भिंतीतल्या खोबणीत सरकणारी आगळ, बाहेरून वरच्या अंगाला कडी-कोयंडा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की दोन फळ्यांमध्ये अशी फट पडते की पोस्टमन आंतरदेशीय पत्र सरळ त्यातून सरकवायचा. श्रावणात तेच दार फुगतं आणि नानांनी डावी फळी कंबरेने लोटायची, मी उजवी खांद्याने उचलायची आणि काकूंनी मधल्या खोलीतून ‘आता!’ म्हणायचं, तेव्हा लागतं. सुतार म्हणतो, अस्सल सागवान फुगत नाही. आमच्या दाराला हे कोणी सांगितलेलं नाही.

तर या दाराला कुलूप बसवायचं ठरलं, ते गल्लीत चोरी झाली म्हणून. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळी गल्ली गच्चीवर झोपते. रात्री अकरापर्यंत पाणी शिंपडून गच्ची गार करायची, गाद्या टाकायच्या आणि खालचं घर देवाच्या भरवशावर सोडायचं. चोरांनाही हे वेळापत्रक पाठ असतं. त्या रात्री त्यांनी दोन घरं सोडून तिसऱ्या घरात शिरून कपाट रिकामं केलं आणि जाताना फ्रिजमधलं गार पाणी पिऊन बाटल्या तशाच ठेवल्या. दागिन्यांबद्दल हळहळ होतीच, पण बाटल्या न भरता ठेवल्याचा राग बायकांना जास्त आला.

वाडा सामायिक. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर इतकी नावं आहेत की खाली सही करायला जागा उरत नाही. म्हणजे खिळा ठोकायचा तरी सर्वांना विचारून. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विषय निघाला. पुण्याच्या चुलतभावाने बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या कुलपाचा फोटो टाकला. नानांचा अंगठा रेशनच्या दुकानातलं मशीनसुद्धा ओळखत नाही, दर महिन्याला काकूंना जावं लागतं. उद्या दारही म्हणेल, तुम्ही कोण? शहाद्याच्या आत्याने एवढंच लिहिलं, ‘कोणतंही घ्या, एक चावी माझी.’ काकूंचं मत होतं की कडी पुरेशी आहे. आणि नको असेल तर शनिशिंगणापूरसारखं दारच काढून टाका. तिथे २०११ साली बँकेनेही बिनकुलपाची शाखा काढली. नाना म्हणाले, तिथे शनी बघतो, इथे कोण बघणार? काकूंनी बोटाने समोरचा ओटा दाखवला. तिथे शेजारच्या आजी बसल्या होत्या.

दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, ‘दार किती एमएम?’ मी इंच सांगितले. दुकानदाराने हातातलं नाइट लॅच परत खोक्यात ठेवलं. आजकालची कुलपं फ्लश डोअरसाठी, म्हणजे प्लायवूडच्या सपाट दारांसाठी बनतात, तीस-पस्तीस एमएमच्या. ‘भाऊ, कुलूप स्वस्त आहे. दार बदलून टाका.’ पणजोबांचं दार कुलपाला शोभत नाही म्हणून बदलायचं, हा हिशोब मला दुकानातच पटत चालला होता. खरेदीची बाधा अशी असते. पण सामायिक दार बदलायचं म्हणजे कोर्टाच्या तारखा, एवढं भान राहिलं.

मग त्याने किती लिव्हरचं हवं ते विचारलं. मी आदल्या रात्री बरंच वाचून गेलो होतो. लिव्हर म्हणजे कुलपाच्या आतल्या पितळी पट्ट्या. चावीचा प्रत्येक दात एकेक पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो, सगळ्या जुळल्या की खटका सरकतो. पट्ट्या जितक्या जास्त तितकं चोराचं काम लांबतं. लंडनच्या ब्रामा नावाच्या कारागिराने तर आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडलं होतं, उघडेल त्याला दोनशे गिनी. १८५१ साली लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला आणि सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून त्याने ते उघडलं. चब नावाच्या दुसऱ्या कुलूपवाल्याचा दावा होता की त्याच्या कुलपाशी कोणी चाळा केला तर ते आतून अडकतं आणि मालकाला कळतं, की कोणीतरी येऊन गेलं. हे पेटंट १८१८ चं. तेही हॉब्जने अर्ध्या तासाच्या आत उघडलं. आमच्याकडे मालकाला कळवायचं ते काम समोरच्या आजी करतात. कोण आलं, किती वेळ थांबलं, जाताना हातात पिशवी होती का, सगळं. आणि त्यांना अजून कोणी उघडू शकलेलं नाही.

शेवटी नाइट लॅचच घेतलं. सुताराने प्लायवूडचे तुकडे खाली देऊन ते बसवलं. जुन्या सागवानात तीन स्क्रू मोडले, चौथ्याला त्याने खोबरेल लावलं. दाराला आयुष्यात पहिल्यांदा टक असा शहरी आवाज आला. नाना दिवसभर उघडझाप करून ऐकत होते.

नाइट लॅचचा स्वभाव असा, की ते आपलं आपण लागतं. बंद करायला चावी लागत नाही, उघडायला लागते. रविवारी संध्याकाळी काकूंनी डाळीचा कुकर गॅसवर चढवला आणि गरम होतंय म्हणून आम्ही सगळे ओट्यावर येऊन बसलो. गल्लीत वावटळ शिरली, धुळ्याची धूळ घेऊन वाड्यात घुसली आणि परत निघताना तिने फळी ओढून घेतली. टक. चाव्या आत खिळ्याला.

पहिली शिट्टी झाली.

घराला कुलूप नसतं तर अशा वेळी कोणी घाबरत नाही. आता सगळी गल्ली गोळा झाली. आजी समोरून अहिराणीत म्हणाल्या, ‘काय व्हयनं रे भो? दार तुमनं, चावी तुमनी, आनि बाहेर बी तुम्हीच!’ दुसरी शिट्टी झाली. पोरं शेजारच्या धाब्यावरून आमच्या गच्चीवर गेली. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून असल्याने एका टोकाला चढलेला माणूस दुसऱ्या टोकाला उतरू शकतो, हे पोरांना, मांजरांना आणि चोरांना सारखंच ठाऊक आहे. पण चोरीनंतर आम्हीच जिन्याच्या दाराला आतून दोन बोल्ट मारले होते. पोरं वरून ओरडली, ‘काका, मस्त बंद केलंय!’ तिसरी शिट्टी.

अशा वेळी नानांना इतिहास आठवतो. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि विश्वेश्वरय्या हे त्यांचं दैवत. ‘विश्वेश्वरय्या तरुणपणी इथे धुळ्याकडेच होते,’ ते माझ्या भाच्याला सांगू लागले, ‘पांझरेच्या पात्राखालून त्यांनी नळाने पाणी पलीकडे नेलं. आणि १९०३ साली खडकवासल्याला दारं बसवली, पाणी चढलं की आपोआप उघडणारी!’

‘नाना,’ काकू म्हणाल्या, ‘आपलं आपोआप लागलंय. डाळ आत आहे.’

भाच्याला आग्रा रोडला पिटाळलं. तिथे रस्त्याच्या कडेला छत्रीखाली एक चावीवाले चाचा बसतात. समोर पत्र्याची पेटी, दोरीला कोऱ्या चाव्यांचे झुबके, एक कानस आणि एक छोटा शिकंजा, एवढा कारखाना. ते सायकलवरून आले, उतरले आणि कुलपाकडे न बघता आधी फळ्यांमधल्या फटीकडे बघू लागले. मग विचारलं, ‘घरात एक्स-रे आहे का कोणाचा?’

‘आहे,’ मी म्हणालो, ‘पण घर आत आहे.’ मला म्हणायचं वेगळंच होतं, पण शिट्ट्यांनी डोकं चालत नव्हतं.

आजी उठल्या. ‘मन्हा गुडघाना फोटो शे,’ म्हणाल्या आणि आतून भलंमोठं पाकीट घेऊन आल्या. डॉक्टरांनी ज्या गुडघ्याला जिना चढू नको म्हणून सांगितलंय, तो गुडघा चाचांनी फटीतून आत सरकवला, वर-खाली हलवला, फळीला हलकेच खांदा दिला आणि दार उघडलं. कुकरच्या चौथ्या शिट्टीची वाट बघायची वेळच आली नाही, कारण तोपर्यंत पाणी संपलं होतं. ‘दाय जयी गयी,’ आजींनी ओट्यावरूनच निदान केलं. ते बरोबर निघालं.

नानांनी पैसे विचारले आणि आकडा ऐकून म्हणाले, ‘एवढ्याशा कामाचे इतके?’ चाचा म्हणाले, ‘त्यात आजींच्या फोटोचं भाडंही धरलंय.’ आजींनी मान डोलावली. भाडं त्यांना खरंच हवं होतं.

मग चाचांनी पाणी मागितलं आणि दाराकडे नीट पाहिलं. या लॅचची जीभ स्प्रिंगवर असते, ती दाबली की मागे जाते. बाहेर जाताना चावी फिरवून जीभ पूर्ण बसवलीत तरच काही उपयोग, आणि फट अशी असेल तर तेवढाही भरवसा धरू नका. मला त्यांचं पुढचं बोलणं जास्त पटलं. चोर कुलूप तोडत नाही, कोयंडा उपटतो. पेपरात दर उन्हाळ्यात येणारी ‘कडी-कोयंडा तोडून ऐवज लंपास’ ही बातमी आठवली. हजाराचं कुलूप घ्यायचं आणि ते दोन गंजक्या खिळ्यांवरच्या कोयंड्याला लटकवायचं, ही आपली सर्वत्र चालणारी सुरक्षा. त्यांनी सांगितलं, कोयंडा आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून बसवा. तुमची फळी इतकी जाड आहे की मग दार सोडून भिंत फोडायला यावं लागेल.

आणि मग त्यांना ते जुनं कुलूप दिसलं. कोयंड्याच्या बाजूला खिळ्याला अडकवलेलं, आंब्याएवढं, काळं पडलेलं. त्याची किल्ली वाटण्या झाल्या तेव्हापासून नाही. प्रत्येक घर म्हणतं ती दुसऱ्याकडे आहे. चाचांनी कुलूप कानाशी हलवलं, भोकात फुंकर मारली, दोन थेंब तेल सोडलं आणि ओट्यावर मांडी घातली.

पुढचा तासभर गल्लीत कोणी जागचं हललं नाही. त्यांनी एक कोरी चावी पणतीच्या काजळीवर धरून काळी केली, कुलपात घालून दाबून फिरवली, बाहेर काढली आणि उजेडात तिरकी धरली. काजळीवर जिथे आतल्या पट्टीने ओरखडा काढला होता, तिथे कानस. परत काजळी, परत दाब, परत कानस. एका ठिकाणी केसभर जास्त घासलं तर अख्खी चावी फुकट, म्हणून ते शेवटी शेवटी कानस चालवतायत की नुसती टेकवतायत हे कळत नव्हतं. नानांनी दोनदा सल्ला दिला. चाचांनी दोन्ही वेळा ‘हां साहेब’ म्हणून आपलंच केलं. चहा झाला, पोरांनी प्रकाशासाठी मोबाइल धरले, कोणीतरी भजी आणली. आणि कुलूप उघडलं. त्यात ना खजिना होता ना चिठ्ठी, नुसती एक मेलेली गांधीलमाशी. तरी गल्लीने टाळ्या वाजवल्या.

आता कोयंडा आरपार बोल्टवर आहे आणि त्यात पणजोबांचं कुलूप आहे. नाइट लॅच दारावर आहे ते पैसे दिलेत म्हणून. प्रश्न चाव्यांचा उरला. चाचांनी विचारलं, ‘कॉपी किती करू?’ ग्रुपवर टाकलं. आत्याची आधीच ठरलेली. पुण्याच्या भावाला हवी, कारण त्याचाही हिस्सा आहे. येतो तो दिवाळीला, पण हिस्सा बारमाही आहे. नाशिकच्या काकांना हवी. काकांनी मागितली म्हणून त्यांच्या जावयाने मागितली. आजींकडे एक ठेवायचीच, त्यांच्या गुडघ्याचे उपकार आहेत. आजी घरी नसल्या तर म्हणून त्यांच्या सुनेकडे. कामाच्या मावशी पहाटे येतात, त्यांना एक. दूधवाला म्हणाला, पातेलं उन्हात ठेवलं तर दूध नासेल. चाचा आनंदाने घासत राहिले.

गेल्या आठवड्यात शहाद्याला लग्नाला जायचं होतं. बाहेरगावी जाताना कळवा, असं पोलीस उन्हाळ्यात सांगतातच, म्हणून चौकीवर गेलो. हवालदारांनी पत्ता लिहून घेतला, किती दिवस ते विचारलं आणि मग म्हणाले, ‘चावी कोणाकोणाकडे आहे?’

मी सांगत गेलो. दूधवाल्यापाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘ज्यांच्याकडे नाही त्यांची नावं लिहा, कागद कमी लागेल.’